स्पार्कस्टेशन सांभाळताना शिकलेल्या सात गोष्टी

सन मायक्रोसिस्टिम्सचे स्पार्कस्टेशन ५ हे १९९४ सालचे युनिक्स वर्कस्टेशन. ‘पिझ्झा बॉक्स’ म्हणूनच ओळखला जाणारा चपटा चौकोनी डबा, आत मायक्रोस्पार्क-२ प्रोसेसर आणि जास्तीत जास्त २५६ एमबी मेमरी. पुण्याला सनची यंत्रे नवी नाहीत. तिथल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने १९९८ मध्ये उभारलेला परम १०००० हा महासंगणक सनच्याच अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर चालत असे. माझ्याकडचा डबा मात्र भंगारवाल्याकडून आला. तो चालता ठेवताना एक गोष्ट पक्की कळली: यातला प्रोसेसर सहसा दगा देत नाही. दगा देतात ते बॅटरी, कपॅसिटर, बेअरिंग असले चिल्लर भाग. म्हणून लक्ष त्यांच्याकडेच हवे.

१. आधी डिस्कची प्रत, मग बाकीची हौस.
वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या डिस्कची बेअरिंग कोरडी पडतात, हेड तबकडीला चिकटतात. ती अजून किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो. तेव्हा यंत्र हाती येताच सुरू करून पाहण्याचा मोह आवरा. डिस्क काढून स्कझी या जुन्या डिस्क-जोडणीचे कार्ड असलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडा आणि डीडी-रेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत घ्या. ती प्रत पुढे ब्लूस्कझीसारख्या बोर्डवर एसडी कार्डात टाकली की यंत्राला ती डिस्कच वाटते. आवाज कमी, उष्णता कमी.

२. बॅटरी चिपच्या पोटात असते.
मदरबोर्डवर सॉकेटमध्ये एम४८टी०८ ही २८ पायांची चिप बसवलेली असते. घड्याळ, ओपनबूट या सुरुवातीच्या फर्मवेअरची सेटिंग्ज, इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी, सगळे तिच्यात. हे जपणारी लिथियम बॅटरी चिपमध्येच पक्की बंद केलेली, आयुष्य साधारण दहा वर्षांचे. ती संपली की आयडीप्रॉम अवैध असल्याचा संदेश येतो, नेटवर्क चालत नाही आणि होस्ट आयडीशी बांधलेल्या परवान्याचे सॉफ्टवेअर उघडत नाही.

नवी चिप मागवता येते, पण नवी म्हणून जुनीच गळ्यात मारणारे बरेच आहेत. त्यापेक्षा चिपच्या एका टोकाचे प्लास्टिक सावकाश घासा. बॅटरीकडे जाणारे दोन जोड उघडे पडले की जुन्या बॅटरीशी असलेला संबंध तोडा आणि तिथे सीआर२०३२ सेलचा होल्डर सोल्डर करा. पुढच्या वेळी सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. मग ओपनबूटच्या ओके प्रॉम्प्टवर ‘एमकेपी’ या आज्ञेने सोळा बाइट हाताने भरायच्या. पहिली ०१, दुसरी ८० म्हणजे यंत्राचा प्रकार, पत्त्याची सुरुवात सनच्या ०८:००:२० ने, आणि शेवटची बाइट आधीच्या पंधरांचा एक्सॉर. मूळ पत्ता हरवला असेल तर जगभरचे हौशी पुढे सी०:एफएफ:ईई लिहून मोकळे होतात. घरात अशी दोन यंत्रे असतील तर मात्र आकडे वेगळे द्या. एकाच पत्त्याची दोन यंत्रे एका नेटवर्कवर नांदत नाहीत.

३. पॉवर सप्लायवर डोळा आणि नाक, दोन्ही ठेवा.
जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळू लागले की मासळीसारखा वास येतो, पायांभोवतीची बोर्डाची रेघ काळवंडते. असा वास आला की यंत्र लावू नका, कपॅसिटर बदलून घ्या. वायर काढल्यावरही सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. सवय नसेल तर हे काम जाणत्या कारागिराकडे द्या.

४. बटण दाबून बंद करू नका.
सनच्या सनओएस आणि सुरुवातीच्या सोलारिस या प्रणालींच्या फाइल सिस्टिममध्ये जर्नलिंग नव्हते. वीज गेली की पुढच्या वेळी एफएससीके ही तपासणीची आज्ञा सगळी डिस्क चाळत बसते, कधी फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये सापडतात. आधी ‘हॉल्ट’ द्या, ओके प्रॉम्प्ट दिसू द्या, मग बटण. वीज जायची सवय असलेल्या गावात यूपीएसला पर्याय नाही.

५. मॉनिटरवाचून अडू नका.
सनचा १३डब्ल्यू३ जोड आणि कंपोझिट सिंक आजच्या बहुतेक पडद्यांना समजत नाही. कीबोर्ड न लावता यंत्र सुरू केले की कन्सोल आपोआप सीरियल पोर्टवर जातो. ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही. नल मोडेम केबल आणि लॅपटॉप एवढ्यावर सगळे काम होते. चालू यंत्राचा कीबोर्ड मात्र उपटू नका, ते थेट ओके प्रॉम्प्टवर येऊन थांबते.

६. स्कझीचे दोन्ही शेवट बंद हवेत.
साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा आणि प्रत्येक उपकरणाचा क्रमांक निराळा हवा. सनच्या रिवाजाप्रमाणे बूट डिस्क ३, सीडी ड्राइव्ह ६. ड्राइव्हही ५१२ बाइटचे ब्लॉक देणारा लागतो, नाहीतर सीडीवरून बूट होत नाही. गोंधळ झाला की ‘प्रोब-स्कझी’ चालवून कोण हजर आहे ते पाहा.

७. पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवण्यापेक्षा चालवा.
दमट हवेने मेमरीच्या पट्ट्या आणि सॉकेट यांचे जोड गंजतात. अधूनमधून तासभर चालवले की आतली ओल वाळते. पावसाळा सरला की पट्ट्या काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पंख्यातली धूळ ब्रशने झाडा. यंत्राला काम म्हणून नेटबीएसडी ही प्रणाली घाला, त्यात या यंत्रांचा आधार अजून टिकून आहे.

तुमच्या कॉलेजात किंवा कंपनीच्या अडगळीत असा डबा पडलेला असेल, तर तो भंगारात देण्याआधी दोनच कामे करा. आधी डिस्क काढून तिची प्रत घ्या, मग ओके प्रॉम्प्टवर ‘बॅनर’ लिहून दिसणारा इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी डब्यावर चिकटवा. बाकीचे सुटे भाग आज ना उद्या मिळतात, या दोन गोष्टी कुठे विकत मिळत नाहीत.