गोरज रंगविताना

निसर्गचित्र छान जमून येते. पण त्यात बैलजोडी आली की ती कापून चिकटविल्यासारखी दिसते. वर्गात हा प्रकार वारंवार पाहावयास मिळतो. दोष बहुधा शरीररचनेच्या कच्च्या अभ्यासाला दिला जातो. वास्तविक, जनावर आणि आपण यांच्यामधली हवा रंगवायची राहून गेलेली असते.

या संदर्भात दोन चित्रांची तुलना उपयोगी पडेल. हॉलंडच्या पाउलुस पॉटरने १६४७ साली ‘बैल’ हे चित्र रंगविले. ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. बैल जवळजवळ प्रत्यक्षाएवढा; अंगावरचे केस, भोवतीच्या माश्याही स्पष्ट. फ्रेंच चित्रकार काँस्तां त्र्वायाँ याने १८४७ मध्ये हॉलंडला जाऊन डच चित्रकारांची अशी कामे पाहिली व त्यानंतर तो मुख्यतः जनावरांकडे वळला. पण त्याची वाट वेगळी. १८५५ सालच्या ‘नांगरणीला निघालेले बैल’ या पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातील भव्य चित्रात सूर्य बैलांच्या पाठीमागे आहे. समोरची अंगे सावलीत, पाठीच्या कडा उजळलेल्या, सावल्या आपल्याकडे पसरलेल्या. पॉटरचा बैल लक्षात राहतो. त्र्वायाँची सकाळ अंगाला जाणवते.

आपल्या भाषेत अशा वातावरणाला शब्दच आहे : गोरज. परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडणारी धूळ, आणि त्यावरून ती वेळही. ती तैलरंगात कशी साधावी?

प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा हात कॅनव्हासवर द्यावा. आकाश, जमीन आणि कळप यांचे मोठे आकार बरोबरच मांडावेत, शिंगे-शेपट्या मागाहून. सर्वांत गडद छटा जवळच्या जनावराला द्यावी. मागच्या प्रत्येकाच्या रंगात क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग थोडाथोडा वाढवीत न्यावा. नुसता पांढरा मिसळल्यास रंग थंड आणि खडूसारखा होतो. संध्याकाळची धूळ तर उबदार असते.

रंग ओला असतानाच पोटाच्या व पायांच्या कडा कोरड्या ब्रशने जमिनीत मिसळाव्यात. खूर धुळीत हरवू द्यावेत. पाठीवरची उजळ कड मात्र एक-दोन ठिकाणी ठाशीव ठेवावी.

धुळीचा शेवटचा हात खालचा थर वाळल्यावरच द्यावा. ब्रशवर अपारदर्शक रंग अगदी थोडा घेऊन हलकेच घासत न्यावा. टर्पेंटाइन घालू नये. तैलरंगातील तेल उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून कमी तेलाचा थर खाली व जास्त तेलाचा वर असावा. उलट झाल्यास पुढे तडे जातात.

अखेरीस एक कसोटी. चित्रातील जनावर बोटाने झाकून पाहावे. काहीच उणे वाटले नाही, तर ते अजून बाहेरचेच आहे. सही करण्याची घाई करू नये.