तलावाच्या गाळातील जीव ओळखा

गावतलावाचे किंवा शेततळ्याचे पाणी हिरवे झाले की आपण पाण्याकडे पाहतो. तळाच्या गाळाकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक शिवारातून किती खत वाहून आले, याचा खरा हिशेब गाळात असतो.

तळाच्या वरच्या चार बोटे गाळात असंख्य बारीक जीव राहतात. गोगलगायी, शिंपले, चतुराची पिल्ले, सुतासारखे तांबडे कृमी आणि चिलटांच्या लाल अळ्या हे त्यांतील नेहमीचे. संध्याकाळी दिव्याभोवती जमणारी न चावणारी चिलटे बहुधा अशाच गाळातून आलेली असतात. त्यांची अळी लाळेने मातीचे कण चिकटवून नळी तयार करते आणि अंग हलवून नळीत पाणी खेळते ठेवते. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तात असते त्याच प्रकारच्या द्रव्याचा. त्यामुळे प्राणवायू फार कमी झाला तरी ती तग धरते. तळाशी चरणाऱ्या कॉमन कार्प माशाचे ती आवडते खाद्य आहे.

मृगाच्या जोरदार पावसात सोयाबीन-कपाशीच्या उघड्या शेतातून माती वाहते. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून, तर नत्र पाण्यात विरघळून तलावात जाते. थोडे गेले तर फायदाच होतो. शेवाळ वाढते, ते मरून तळाशी बसते व गाळातील जीवांना खाद्य मिळते. मत्स्यतळ्यात शेणखत टाकण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. बिघडते ते मात्रा वाढल्यावर. दाट शेवाळ रात्री प्राणवायू ओढते आणि मेलेले शेवाळ कुजताना तळाचा उरलासुरला प्राणवायूही संपतो. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो सुमारे साडेसातच मावतो. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्यात मुळातच शिल्लक थोडी असते. अशा वेळी नाजूक जाती आधी नाहीशा होतात आणि शेवटी लाल अळ्या व तांबडे कृमी यांचीच गर्दी उरते. जीव पुष्कळ, पण जाती दोन-तीन, ही बिघडलेल्या तळ्याची खूण समजावी.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अळ्यांच्या नळ्यांतून प्राणवायू गाळात उतरतो, तोवर गाळातील लोह स्फुरदाला धरून ठेवते. प्राणवायू संपून अळ्याही मेल्या की लोहाची ही पकड सुटते व जुना स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. म्हणून शेतातून खत येणे थांबले तरी काही तळी वर्षानुवर्षे हिरवी राहतात.

जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट थिनेमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अशा अळ्यांच्या जातींवरून सरोवरांची प्रतवारी लावली होती. ती सरोवरे खोल व थंड. आपली तळी उथळ व उष्ण असल्याने त्यांचे नियम जसेच्या तसे येथे लावू नयेत, पण पाहण्याची रीत उपयोगी आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काठाजवळच्या गुडघाभर पाण्यातून घमेलेभर गाळ काढावा. बारीक चाळणीत धुऊन उरलेले पांढऱ्या थाळीत पाण्यासह पसरावे. गाळ तपकिरी असून पाच-सहा प्रकारचे जीव दिसले तर काळजी नाही. गाळ काळा, सडक्या अंड्याचा वास आणि फक्त लाल वळवळ दिसली तर त्या तळ्यात शेण-खत टाकणे ताबडतोब बंद करावे. काहीच जिवंत दिसले नाही तर कीटकनाशकाचाही संशय घ्यावा. फवारणीचे पंप तळ्यात धुण्याची सवय याला कारण असू शकते. गोगलगायी भरपूर दिसल्या म्हणून फार हुरळून जाऊ नये. त्यांतील काही जाती जनावरांच्या यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार करतात.

मत्स्यतळ्यासाठी सोपी कसोटी अशी : हात सरळ पाण्यात घालावा. कोपर बुडण्याआधीच शेवाळामुळे तळवा दिसेनासा झाला तर खत देऊ नये. गढूळ पाण्याला ही कसोटी लागू नाही.

खरा उपाय शेतातच आहे. स्फुरद फेकून न देता पेरणीबरोबर मातीआड करावा. कपाशीला नत्र विभागून द्यावे व जोराच्या पावसाचा अंदाज असताना देऊ नये. उताराला आडवी पेरणी करावी आणि बांधावर खस गवत लावावे. महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी अकोल्याला आणि सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे अमरावतीला प्यायला जाते. वरच्या शिवारातून सुटलेले खत तेथपर्यंत पोहोचू शकते.

साचलेला स्फुरद बाहेर काढायचा तर गाळ उपसावा लागतो. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली असा गाळ शेतात नेला जात आहे. बरड व मुरमाड जमिनीला तो चांगला मानवतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील भारी जमिनीत मात्र गाळ व माती दोन्ही तपासल्याशिवाय एकही ट्रॉली टाकू नये.