पऱ्हाटीचा कोळसा आणि वीज

कापसाची शेवटची वेचणी झाली, की वावरात उरते ती पऱ्हाटी. हिंगणघाटच्या चहूकडे कापूस, म्हणून पऱ्हाटीही गावोगाव. थोडी चुलीला जाते. थोडी कुंपणाला लागते. बाकीची आपण धुऱ्यावर रचतो आणि काडी लावतो.

एकरी साधारण एक टन पऱ्हाटी निघते. एवढं लाकूड एका रात्रीत राख होतं. याच लाकडाच्या कोळशात वीज साठवता येते, असं कोणी सांगितलं तर? आम्हांलाही आधी थट्टाच वाटली.

टॉर्चचा साधा सेल तुम्ही पाहिला आहे. त्याच्या पोटात मधोमध एक काळी कांडी असते. ती कोळशाच्याच जातीची. (सेल फोडून पाहू नका. आतला मसाला चांगला नाही.) वाळल्या लाकडातून वीज जात नाही. पण तेच लाकूड हवा बंद करून खूप तापवलं, तर त्याच्या कोळशातून वीज जाते. हवा मिळाली तर राख, हवा कोंडली तर कोळसा. कोळसेवाले भट्टीला माती लिंपतात ती यासाठीच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुलिंबाची वाळली पानं घेतली. बंद भट्टीत ती १००० अंशांपर्यंत तापवली. पाणी १०० अंशांना उकळतं. त्यावरून ही धग किती, ते समजा. २०१३ साली त्यांनी या कामाची माहिती छापली. त्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं होती. एका ग्रॅममधल्या सगळ्या भोकांच्या भिंती पसरल्या, तर जागा भरते सुमारे १२०० चौरस मीटर. म्हणजे बारा गुंठे! चिमूटभर कोळशात बारा गुंठे. आम्ही हा हिशेब दोनदा करून पाहिला.

गोदाम जेवढं मोठं, तेवढ्या गाठी जास्त मावतात. इथंही तसंच. जागा जास्त, म्हणून वीज जास्त बसते. अशा साधनाला सुपरकपॅसिटर म्हणतात. ते झटकन भरतं, झटकन रिकामं होतं. बॅटरीएवढी वीज मात्र त्यात मावत नाही.

चीनमधल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीचाही असा कोळसा करून पाहिला आहे. मग उद्याच गाडी जुंपायची का? नाही. प्रयोगशाळेचं काम ग्रॅमवर चालतं, कारखान्याला टन लागतात, आणि माल दर वेळी एकसारखा लागतो. कोळशातली राख, क्षार धुऊन काढावे लागतात. आपल्या चुलीतला कोळसा तिथं चालत नाही. तेव्हा कोणी गावात येऊन म्हणाला, "बॅटरीसाठी पऱ्हाटी घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा," तर एक रुपयाही देऊ नका.

आज गिऱ्हाईक आहे ते पांढऱ्या कोळशाच्या कारखान्याचं. तिथं भुसा दाबून कांड्या करतात. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीच्या फळ्या करण्याची रीतही बसवली आहे. भाव ठरवताना उपटणीची मजुरी आणि गाडीभाडं धरा. पऱ्हाटी फुगीर असते. गाडी भरते, पण वजन भरत नाही. वावरातच कुट्टी करून घेतली, तर एका खेपेत जास्त माल जातो.

आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत ती वावरात उभी ठेवू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं, ते तुम्हांला ठाऊक आहे. राहिलेल्या बोंडांत ती अळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. फरदडीचा मोह सोडा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून कुट्टी करा.