धानाच्या कोठीत फोन घालू नको गं

अगं, रोवणीच्या दिवसांत टच चालेनासा झाला की लगेच ‘डिस्प्ले गेला’ म्हणून रडत बसू नको. आपल्या सिहोऱ्याकडे चांदपूर तलावाचं पाणी सुटलं की दिवस बांधीतच जातो. चिखलाचा हात पदराला पुसायचा, फोन उचलायचा आणि ‘अ’ दाबला की ‘क’ उमटायचा. त्यात फोनचा दोष नसतो. काचेखाली न दिसणारी बारीक जाळी असते, तिच्यात अगदी थोडा विद्युतभार खेळत असतो. बोट टेकलं की तिथला भार बदलतो आणि फोनला बोट कळतं. पण पाण्याच्या थेंबानेही तेच होतं. जोर लावून दाबलंस तरी उपयोग शून्य. आधी हात कोरडा, मग काच कोरडी. सुती फडकं घे, नऊवारीचा जुना तुकडा असला तर उत्तमच.

फोन पाण्यात पडला तर मात्र तांदळाच्या डब्यात खुपसू नको. भंडाऱ्यात तांदळाला तोटा नाही, म्हणून हा उपाय आपल्याला पटकन सुचतो. पण तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, त्याची पूड मात्र चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. २०२४ मध्ये अ‍ॅपलनेही आपल्या ग्राहकांना असं करू नका म्हणून सांगितलं. तू फोन बंद कर, सिम काढ, भोक खाली धरून तळहातावर हलके आपट आणि पंख्याखाली ठेवून दे. चूल नको, ऊन नको. पूर्ण सुकेपर्यंत चार्जरही नको.

चार्जिंगला लावल्यावरच आपोआप काहीबाही उघडत असेल, तर चार्जर काढून बघ. हलक्या चार्जरने टच असाच बहकतो. काचेवरची काच कडेने उचलली असेल तर तीही काढ. तरी नाही जमलं, तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धर. काही फोन त्याने पुन्हा सुरू होतात. फोनची पाठ फुगली असेल, तर मात्र यातलं काहीच करत बसू नको. तो बॅटरीचा मामला. चार्जिंग बंद, आणि फोन लेकरांपासून लांब.

पाठ ठीक असेल आणि टच तरी बहकत असेल, तर एखाद्या अ‍ॅपचं चिन्ह बोटाने धरून पूर्ण स्क्रीनभर फिरव. एकाच पट्ट्यात ते दर वेळी सुटत असेल, तर टच खरंच गेला. तुमसरला दुकानात जाण्याआधी चार्जिंगच्या भोकात बसणाऱ्या छोट्या ओटीजी जोडणीने साधा माउस फोनला लाव. स्क्रीन दिसत असेल आणि फोन ओटीजी घेत असेल तर बाण येतो. त्याने फोटो, नंबर, ई-पीक पाहणीचे धानाचे फोटो, सगळं आधी काढून घे.

दुकानात ‘फोल्डर’, म्हणजे टच आणि डिस्प्ले एकत्र, बदलावा लागेल म्हणतील. कंपनीचा की कॉपी, ते आधी विचार, भाव दोन ठिकाणी काढ. पिन सांगू नको, लागला तर स्वतः टाक आणि काम होईस्तोवर तिथंच बस. पैसे देण्याआधी चिन्ह पुन्हा सगळीकडे फिरवून बघ. मग कुणाला तरी फोन लावून कानाशी धर. स्क्रीन काळी झाली नाही, तर परत खोलायला लाव.