आजाऱ्याचं सगळं करणारीसाठी : काय करावे, काय टाळावे

फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत विचारा, दोन-चार घरांत कुणीतरी खाटेला खिळलेलं असतंच. कुठे लकवा मारलेले सासरे, कुठे डायलिसिसवरचा नवरा, कुठे घरच्यांनाही न ओळखणारी सासू. त्यांना बघायला सगळं गाव येतं. त्यांचं हगणं-मुतणं काढणारी मात्र कुणाच्या हिशेबात नसते. बहुधा ती सून किंवा बायको असते, क्वचित मुलगा. पुढचं सगळं तिच्या नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहिलं आहे.

काय करावे

• वेळ द्या, आणि ठरवून द्या. "काही लागलं तर सांग" म्हटलं की ती कधीच सांगत नाही. "मंगळवारी चार ते सहा मी बसते, तू मोकळी हो," असं सांगा. त्या दोन तासांत ती कुठे जाते ते विचारू नका. नुसती झोपली तरी चालेल. १९३६ साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन पेललेल्या फैजपूरला पाळ्या लावणं जड नाही.

• रात्र वाटून घ्या. शेतीची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात घरचा माणूस केळीला पाणी द्यायला मळ्यात जातो आणि ती आजाऱ्यापाशी एकटी उरते. त्या रात्री दीर, पुतण्या, भाचा, कुणीतरी घरी झोपायला या.

• कूस बदलायला शिका. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. एकटीने ओढलं तर तिची कंबर जाते आणि आजाऱ्याची कातडी घासते. अंगाखाली चादर आडवी घालून दोघांनी दोन बाजूंनी धरली की माणूस अलगद सरकतो. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहू द्या. कातडी लाल दिसली आणि दाब काढल्यावरही लाली गेली नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवा. हे पाच मिनिटांत शिकता येतं, पुरुषांनासुद्धा.

• हवेच्या गादीची मोटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली की बऱ्याच गाद्या हळूहळू बसतात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना पंखाही बंद, गादीही बसलेली, आणि ती वर्तमानपत्राने वारा घालतेय, अशी घरं आहेत. तेवढी एक वायर ओढून द्या.

• दवाखान्याची एखादी फेरी तुम्ही करा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी चारेक तास. भुसावळ-जळगावला जाणं-येणं धरलं की अख्खा दिवस गेला, आणि तो तिचा बाकड्यावर जातो.

• कागदांच्या मागे तुम्ही लागा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. घरचे डायपर, गादी, मलमपट्टी यांचा खर्च खिशातूनच होतो, म्हणून भावांनी महिन्याची रक्कम ठरवून तिच्याच खात्यावर टाकावी, तिला मागायला लावू नये. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला जाताना रेल्वेत रुग्णाबरोबर सोबत्यालाही सवलत असते. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. टाटा रुग्णालयात दाखवायला गेलेल्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

काय टाळावे

• किडनीच्या आजाऱ्याकडे केळीची फणी घेऊन जाऊ नका. आपल्याकडे रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, हे खरं. पण केळीत आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी काम करत नसली की ते रक्तात साठतं आणि हृदयावर येतं. मग "एक खाल्लं तर काय होतं" म्हणणारे तुम्ही, आणि नाही म्हणून वाईट होणारी ती.

• जेवणाच्या वेळी जाऊ नका. गेलात तर चहा घेऊ नका. दिवसाला आठ माणसं आली की आठ चहा होतात.

• पुण्याहून, अमेरिकेहून फोनवर डॉक्टर बदलायला सांगू नका. आठ दिवसांची रजा काढून या, रात्री जागा, मग बोला.

• विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसाने केलेल्या तक्रारी गावभर करू नका. डिमेन्शियात जेवल्याचं लक्षात राहत नाही. ताट उचलून दहा मिनिटं होत नाहीत तोच "सून मला खायला देत नाही" असं शेजारणीला सांगितलं जातं. या एका वाक्याने कितीतरी सुनांची अब्रू गेली आहे.

• "तुला पुण्य लागेल" म्हणू नका. त्याने तिची झोप भरून निघत नाही, उलट थकले म्हणायचीही तिला चोरी होते.

• ती एखाद्या वेळी ओरडली तर नावं ठेवू नका. महिनोन्‌महिने सलग झोप नसेल तर कुणीही ओरडेल. सारखं रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

• आजारी माणूस वारल्यावर दारावर भेटायला गेलात तर "वेळेवर मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं" हे वाक्य काढू नका. ती ते जन्मभर उगाळत बसते. गंधमुक्तीचा विधी झाला की माणसं पांगतात, तेव्हा जा. मृत्यूचा दाखला, बँक, वारसनोंद, जे राहिलं असेल त्याला हात लावा. आणि तिचं स्वतःचं बीपी, साखर तपासून आणा. आजाऱ्याच्या फायलीपुढे तिची फाइल बहुतेक घरांत उघडलेलीच नसते.