सड्यावरची वाट विचारून घ्यावी

गणपतीपुळ्याच्या आसपास गाड्यांचा त्रास नसलेले सायकलचे रस्ते आहेत का, असे मला पुष्कळजण विचारतात. आहेत, आणि फार सुरेख आहेत. आरे-वारेच्या सागरी रस्त्याचे फोटो पाहून येणारी मंडळी शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत सापडतात. निवळीहून जाकादेवीमार्गे येणाऱ्या रस्त्यावर जयगड बंदराची अवजड वाहने असतात. पण नेवरे, धामणसे, चाफे, मालगुंड या गावांच्या मधला वरचा मुलूख पाहिला, तर तासन्‌तास एकही मोटार भेटत नाही. तांबड्या मातीच्या आणि जांभ्याच्या बारीक खडीच्या वाटा सड्यावरून एका वाडीकडून दुसऱ्या वाडीकडे जातात. ग्रॅव्हल सायकलसाठीच कोणी आखल्यात असे वाटावे.

इथले डोंगर उंच नाहीत. माथ्यावर सपाट, उघडा कातळ, त्याला आम्ही सडा म्हणतो. उतारावर आंबा, काजू, रायवळ झाडी आणि मधूनच एखादी देवराई. तिच्यात शिरले की उन्हातून एकदम गारव्यात आल्यासारखे होते. खाली वाडी, माडपोफळी, पऱ्ह्या. चढ लहान असतात, पण एकामागून एक येतात. समुद्रकाठावरून सड्यावर, पुन्हा खाली, पुन्हा वर. घाटातली मोठी चढण सहज चढणारा माणूसही या चढउतारांत दमतो.

या वाटांवर मी बरीच वर्षे फिरते आहे. एका हिवाळ्यातल्या संध्याकाळी माझा मावसभाऊ आणि मी चाफ्याच्या बाजूने सड्यावर चढलो होतो. मोबाइलच्या नकाशावर एक वाट सरळ पश्चिमेला, मालगुंडच्या दिशेने जाताना दिसत होती. प्रत्यक्षातही ती तशीच होती: रुंद, दाबून बसलेली, किंचित उताराची. मावळतीचे ऊन समोरून डोळ्यांवर येत होते. गुरे परतवणारे एक वयस्क गृहस्थ बाजूच्या गवतातून ओरडले, "अवो ताई, कुठं चाललाव? पुढं वाट नाय, खाण हाय!" आम्ही थांबलो, उतरलो आणि सायकली हातात धरून पुढे गेलो. वाट जशीच्या तशी रुंद चालली होती आणि एका ठिकाणी सुरीने कापावी तशी तुटली होती. खाली दोन-तीन पुरुष खोल, उभ्या भिंतींची चिरेखाण. तळाला हिरवे पाणी. काठाला दगड नाही, दोरी नाही, पाटी नाही. वेगात असतो तर ब्रेक लावूनही त्या सुट्या खडीवर सायकल थांबली नसती.

ही खाण वाटेत कशी आली, हे मी नंतर समजून घेतले. खाण वाटेत आलेली नव्हती. वाटच खाणीसाठी झालेली होती. जांभा जमिनीत असताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तो जागेवरच यंत्राने कापून त्याचे चिरे काढतात. चिरे वाहणारे ट्रक येऊन-जाऊन सड्यावर रस्ता पडतो. वरून काढलेल्या छायाचित्रात तो ठळक दिसतो आणि नकाशावर रस्ता म्हणून चढतो. कापणी सरकत जाते, तसा रस्त्याचा शेवटचा तुकडाही कापला जातो. मग दगड संपतो, खाण बंद पडते, ट्रक येईनासे होतात. उरतो तो वाहने नसलेला, रुंद, आकर्षक रस्ता.

म्हणून कोणालाही वाट सुचवताना मी आधी हे सांगते: वाट मोकळी दिसली की ती मोकळी का आहे, ते विचारा. काही वाटा केवळ गाव लहान म्हणून मोकळ्या असतात, त्या खऱ्या आपल्या. काही खाण बंद झाली म्हणून, काही खासगी बागेत संपतात म्हणून, काही पावसात वाहून गेल्या म्हणून मोकळ्या असतात. नकाशावर या सगळ्या एकाच रंगाच्या रेषा असतात.

विचारण्याचीही एक रीत आहे. "इकडून वाट आहे का?" असे विचारले तर उत्तर "आहे" असेच येते, कारण पायी जाणाऱ्याला ती असतेच, मग पुढे पाखाडीच्या पायऱ्या लागतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. "इथून मोटरसायकल जाते का? यंदाच्या पावसानंतर कोणी गेलंय का?" असे विचारा. गुराखी, शेणी थापणाऱ्या आजी, सड्यावर गवत कापणारे लोक यांना वाटेची चालू अवस्था ठाऊक असते. दुकानापाशी विचारलेत तर डांबरी रस्ताच सांगतील. शहरातल्या पाहुण्याला तोच हवा असणार, असे त्यांना वाटते.

बागांचे वेगळे. गडग्यात बेडे असेल आणि आडव्या काठ्या लावलेल्या असतील, तर ते बंद दार आहे. काठ्या सरकवून आत शिरू नका. हापूसच्या हंगामात, मार्च ते मे, बागांत राखणदार असतात. त्यांतले बरेच नेपाळमधून आलेले असतात आणि अनोळखी माणसाला हटकणे हे त्यांचे कामच असते. त्या दिवसांत पहाटेपासून आंब्याच्या पेट्या नेणारे पिकअप अरुंद वळणांवरून सुसाट येतात, त्यामुळे वाहने नसलेला रस्ता ही गोष्ट तेवढ्यापुरती संपते. रानडुकरांसाठी काही कुंपणांना झटका मशीनची तार असते. संध्याकाळी तारेला टेकून फोटो काढू नका.

घाटीचा उतार हा दुसरा खरा धोका. जांभ्याची खडी गोल, सुटी असते आणि चाकाखाली मण्यांसारखी फिरते. माझी एक मैत्रीण अशाच उतारावर वळणात पुढचा ब्रेक दाबून पडली आणि तिचे मनगट मोडले. फोनला रेंज नव्हती. एका बागायतदाराच्या गाडीतून तिला आरोग्य केंद्रापर्यंत नेले. वेग वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा, वजन मागे ठेवायचे. टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, ट्यूबलेस असेल तर हवा ४० पीएसआयच्या आतबाहेर. डांबरी रस्त्यासारखी टणक हवा भरलीत तर सायकल खडीवरून उड्या मारते. करवंदीचे काटे आणि कुंपणाला टाकलेल्या फांद्या यांच्यासाठी सीलंट हवेच. हातमोजे हवेतच. एकट्याने जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगते.

फुरसे या विषारी सापाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बाहेरून येणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे पुष्कळ. हातभर लांबीचे, मातीच्या रंगाचे, दगडाखाली राहणारे. डिवचले गेले की अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करकर आवाज करते. दिवे लागणीनंतर ते वाटेवर येते. पंक्चर काढायला माणूस नेमका गडग्यावर टेकतो, सुट्या चिऱ्यांत हात घालतो. तसे करू नका. मोकळ्या कातळावर सायकल उलटी करा. चावलेच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करायचे नाही. अंगठी, घड्याळ काढायचे, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि थेट रुग्णालय गाठायचे. १०८ला फोन लावायचा, पण गाडी मिळाली तर वाट पाहायची नाही. या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रक्तस्राव काही तासांनीही सुरू होऊ शकतो. म्हणून "फारसं दुखत नाही" यावर विसंबू नये. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते.

पाण्याचे थोडक्यात: सड्यावर सावली नाही आणि विहीर खाली वाडीत. माणशी दोन लिटर, सोबत मीठ-साखर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्चनंतर सकाळी दहाच्या आत खाली उतरावे. मार्चमध्ये गवत वाळलेले असते आणि वणवे लागतात. धूर दिसला की वाऱ्याची दिशा पाहून मागे फिरावे.

पावसाळ्यात सड्यावर सायकल नेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. कातळावर शेवाळ धरते, हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ऑगस्ट-सप्टेंबरात याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. एक चाक गेले की तेवढी पट्टी त्या वर्षापुरती गेली. तेव्हा चालत या.

आणि कातळशिल्पे. देऊड, चवे, उक्षी, जांभरूण ही गावे याच मुलखातली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी गावोगाव सडे पायी तुडवून ही चित्रे उजेडात आणली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आणि तिच्यात उक्षी, जांभरूणही आहेत. खोदाई उथळ असते. धूळ, गवत साचले की ती पायाखाली असूनही दिसत नाही. ज्या गावाच्या सड्यावर कातळशिल्प आहे तिथे मळलेली वाट सोडून कातळावर सायकल घालूच नये.

गणपतीपुळ्यात परतल्यावरच्या दोन गोष्टी. देवळामागचा डोंगर हाच देव मानला जातो आणि त्याची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा लोक अनवाणी घालतात. ती फरसबंद वाट कितीही मोहात पाडो, तिच्यावर सायकल नेऊ नये. दुसरे, दमलेल्या अंगाने समुद्रात उतरू नये. या किनाऱ्याला ओढ जबर आहे आणि इथे पट्टीचे पोहणारेही बुडालेले आहेत.

आता एक विनंती सायकलस्वारांना नाही, गावांना आहे. त्या खाणीच्या काठावर त्या संध्याकाळी गुराखीबाबा नसते तर काय झाले असते, हा प्रश्न आमच्यापुरता नाही. तिथे गुरे पडतात, करवंदे वेचणारी पोरे त्याच काठावरून फिरतात. तुटके, नाकारलेले चिरे खाणीच्या कडेला ढिगाने पडून असतात. त्यांचाच कमरेएवढा गडगा काठाने रचायला खाणवाल्याला फार खर्च येत नाही. खाणीला ना हरकत दाखला देतानाच ग्रामपंचायतींनी ही अट घालावी, आणि ज्या खाणी बंद आहेत त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी निदान चार चिरे आडवे टाकावेत.