सातबारा पिशवीतच राहू द्या

सोनपेठकडचे एक वडील पोराला घेऊन आले. टेबलावर आधी सातबारा ठेवला, मग एजंटाचं गुळगुळीत माहितीपत्रक. "सर, चार एकर इकली तर अमेरिकेचं भागंल का?" पोरगा खाली मान घालून मोबाइलचं कव्हर खरवडत होता.

थेट विकण्याची भाषा का, तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमीन जप्त करता येत नाही. म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेत तारण घेत नाहीत. एनए प्लॉट किंवा घर मागतात. ते नसलं की उरतो सावकार, नाहीतर खरेदीखत.

मी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. कर्ज 40 लाख, व्याज 11 टक्के, मुदत 10 वर्षं: हप्ता महिना 55 हजारांच्या आसपास. डॉलरच्या पगारात तो फिटतो. पण तो पगार किती दिवस? शिक्षणानंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन. पुढं नोकरीचा एच-1बी व्हिसा, त्याच्या जागा साऱ्या जगाला मिळून वर्षाला 85 हजार. सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून नव्यानं बोलावलेल्या माणसामागं कंपनीवर एक लाख डॉलर फी बसली. तिथंच शिकून व्हिसा बदलणाऱ्याला ती लागत नाही, एवढं एजंट आवर्जून सांगतो. 2026 पासून या व्हिसाच्या लॉटरीत वरच्या पगाराच्या माणसाच्या चिठ्ठ्या जास्त पडतात, आणि नुकताच पास झालेला पोरगा तळाला राहतो, हे मात्र सांगत नाही. नियम असे हलत असताना व्हिसावरचा पोरगा बहिणीच्या लग्नालाही यायला कचरतो; परत शिरकाव मिळेल की नाही, ही धास्ती.

तेव्हा पोरगं तीन वर्षांनी परत आलं, पुण्यात नोकरीला लागलं, असं धरूनच हप्ता मोजा. नाही बसला, तर तो कोर्स नको.

इतर वाटांचंही तेच. ब्रिटनमध्ये 2024 पासून साध्या मास्टर्सला बायको-मुलं नेता येत नाहीत. कॅनडानं त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिक्षणशुल्क नाही, पण वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. नोकरीसाठी भाषा लागते ती वेगळीच. ती इथंच शिका, तिथं जाऊन नाही. आणि एजंट जर्मनीतलं खासगी कॉलेज सुचवायला लागला, तर उठून या.

आपल्या कृषी विद्यापीठाच्या पोरांना मात्र एक चांगली वाट आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. माती, बियाणं, अन्नतंत्र यांतल्या पीएचडीला अमेरिकी विद्यापीठं अनेकदा फी माफ करून वर विद्यावेतन देतात. शिवाय विद्यापीठात नोकरी लागली तर एच-1बीची लॉटरीच नसते. त्यासाठी गुण, एखादा प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आणि प्राध्यापकांना धाडलेल्या चाळीसेक ईमेल लागतात.

पोरानं पहिल्यांदा मान वर केली. "सर, माझं बी.एस्सी. ॲग्रीच हाय."

वडिलांनी सातबाऱ्याची घडी घातली.